ठेवताना चावी ढिली करा

मित्रांनो, मी एक जुने रीळ आहे. शिलाईच्या दोऱ्याचे नव्हे, मासे पकडायच्या काठीला बसवतात ते. माझ्याभोवती नायलॉनचा बारीक दोरा गुंडाळलेला असतो. मूठ फिरवली की दोरा आत येतो आणि माशाने ओढले की बाहेर जातो. माझा रंग बराच उडाला आहे, मुठीचे लाकूड एका अंगाने झिजले आहे, पण पोटातले एकही चाक अजून कुरकुरत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरे, थोडी फुशारकी आहे. पण ज्याचा आवाज ऐकून एका आईने आपले मन बदलले, त्याने जरा मान ताठ ठेवली तर बिघडले कुठे?

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. वर पत्र्याचे छप्पर, खाली पितळेचा कीस पसरलेला आणि दिवसभर यंत्रांची घरघर. आम्हाला घडवणारा कारागीर मोठा खडूस होता. रीळ तयार झाले की तो ते कानाशी नेऊन फिरवी आणि डोळे मिटून ऐके. आवाज पसंत पडला नाही की पुन्हा सगळे खोलून टेबलावर! माझ्या शेजारचे रीळ बिचारे इतक्या वेळा खोलले गेले की त्याला आपले तोंड कुठे आणि शेपूट कुठे हेही कळेनासे झाले होते. मला मात्र त्याने एकदाच ऐकले आणि नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी आजवर जगत आले आहे.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर आहे. माझ्या डोक्यावर एक गोल चावी आहे. चावीखाली एक चकती आहे. चावी घट्ट पिळली की चकती दाबली जाते आणि दोरा जागचा हलत नाही. चावी बेताची ठेवली की मासा जोर लावील तसा दोरा थोडा थोडा बाहेर जातो. हा माझा ब्रेक. ती चकती नमद्याची, म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीची होती. तेल प्यायलेली, मऊ पण चिवट. मोठा मासा कधी नुसता ओढून आणता येत नाही, मित्रांनो. तो धावेल तेव्हा द्यायचे आणि तो थांबेल तेव्हा घ्यायचे. देताना मी गाते, कर्रर्र, कर्रर्र. माझ्यासारखे गाणारे रीळ त्या नदीवर दुसरे नव्हते.

माझा पहिला मालक एक शिंपी होता. आठवडाभर तो कोट शिवी आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन नदीवर जाई. शिलाईयंत्राच्या तेलातलेच दोन थेंब तो मला पाजी. त्याच्याबरोबर त्याची लहान मुलगी यायची आणि दगडावर पाय सोडून बसायची. आमच्या नदीत बास नावाचा मासा असतो. अंगाने ताठ, तोंडाने मोठा आणि स्वभावाने पक्का भांडखोर! तो गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारून डोके झटकतो. शिंपी त्याला हसत हसत दोरा देई.

"बाबा, सुटला ना तो!" मुलगी ओरडे.

"सुटला नाही, फिरायला गेलाय," शिंपी म्हणे. "दोरा फार ओढला तर कापडाला चुण्या पडतात, फार सोडला तर टाका लोंबतो. मधलं काय ते बोटांना कळतं."

आणि खरोखर, थोड्या वेळाने मासा मुकाट्याने काठाशी येई. लोक थांबून पाहत. "रीळ फार छान आहे हो तुमचं," असे कोणी म्हटले की मला आकाश ठेंगणे होई. ते माझे सोन्यासारखे दिवस होते.

पुढे शिंपी म्हातारा झाला आणि एक दिवस गेला. मी त्याच्या मुलीकडे आले. तोवर ती मोठी झाली होती, लग्न होऊन एका मुलीची आई झाली होती आणि मुलगी लहान असतानाच नवऱ्यालाही गमावून बसली होती. उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणे हा तिचा व्यवसाय. सगळे तिला लिफ्टताई म्हणत. आमचे घर एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर होते आणि त्या इमारतीची लिफ्टही तीच सांभाळी. अंधाऱ्या चौकोनी विहिरीसारख्या त्या पोकळीत लोंबणारे पोलादी दोर, चाके आणि ब्रेक यांच्याशी तिची आयुष्यभराची ओळख. तिच्या कामात एकच गोष्ट कधी होऊ द्यायची नसते, ती म्हणजे काही सुटणे. म्हणून तिला सगळे घट्ट लागे. आमच्या घरातल्या बरणीचे झाकण तिच्याशिवाय कोणाला उघडत नसे. नळ ती असा पिळी की शेजारीण पाणी मागायला आली तर हात टेकून परत जाई. लेकीच्या वेण्या ती इतक्या आवळून घाली की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या राहत. शाळेत बाईंना वाटे, हिला सगळ्याचेच नवल वाटते.

त्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून बसत नसे. मला ती पहिल्यापासून आवडली. मीही फिरणारे, तीही फिरणारी.

लिफ्टताईने मला हाती घेतले तेव्हा माझी नमद्याची चकती झिजून गेली होती. दुसरी कोणी असती तर दुकानातून नवी चकती आणली असती. पण लिफ्टताईच्या हत्यारांच्या पेटीत लिफ्टच्या ब्रेकच्या लायनरचा एक तुकडा पडला होता. माणसांनी भरलेली लिफ्ट अधांतरी रोखून धरणारे ते टणक, खरखरीत अस्तर! तिने त्यातूनच एक गोल चकती कापली, माझ्या पोटात बसवली, चावी पिळली आणि दोरा ओढून पाहिला. दोरा तसूभर हलला नाही.

"आता बघू कोण सुटतं ते," ती खुशीत म्हणाली.

मित्रांनो, हसू नका. तिने माझ्यावर प्रेमच केले होते. आपल्याला माहीत असलेली सगळ्यात भरवशाची वस्तू तिने मला दिली होती. पण लिफ्ट रोखणारा ब्रेक माशापुढे काय कामाचा? लहान मासे येत, ते ती सरळ ओढून काढी. मोठा बास लागला की तो एक झटका देई, मला जागचे हलता येत नसे, आणि फट्! दोरा तुटे. लिफ्टताई दोऱ्याला नावे ठेवी आणि आणखी जाड दोरा आणी. मग तो जाड दोरा माशांना लांबूनच दिसे आणि ते काठीकडे पाठ फिरवून निघून जात. "या नदीत आता मासेच राहिले नाहीत," असे म्हणत तिने मला एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. ठेवतानाही चावी घट्ट पिळलेली. त्या डब्यात मी वर्षे काढली. कोणी कानाशी नेईना, कोणी तेल पाजीना. सगळ्यात वाईट वाटे ते याचे की मला गाता येते हेच घरात कोणाच्या ध्यानात नव्हते.

इकडे भिंगरी मोठी झाली. आई उंचावर चढून काम करी, तर हिला पाण्याखाली जायचे वेड! पुलांचे खांब, धरणांचे दरवाजे आणि बंदराच्या भिंती पाण्याखाली उतरून तपासायच्या आणि तिथल्या तिथे वेल्डिंग करून दुरुस्त करायच्या, हे काम शिकवणारी एक शाळा दूरच्या बंदरावर होती. भिंगरी तिथे परीक्षेला गेली, काही दिवस राहिली आणि पास होऊन परत आली. आता शिकायला जायचे फक्त बाकी होते. आईने मात्र हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. विषय निघाला की तिला एकदम कपडे वाळत घालायचे आठवे. निघायचा दिवस परवावर आला तेव्हा ती म्हणाली, "उद्या सकाळी नदीवर जाऊ. तिथे बोलू."

तिला ठाऊक नव्हते, पण त्याच संध्याकाळी, ती कामावर असताना, भिंगरीने माझा डबा उघडला.

किती दिवसांनी उजेड पाहिला मी! भिंगरीने चावी काढली आणि ती लिफ्टची चकती बाहेर घेऊन पाहिली. "अरे देवा," ती पुटपुटली आणि एकटीच खो खो हसली. मग तिने आजोबांची जुनी शिलाईची पेटी काढली. कोटाची कॉलर ताठ राहावी म्हणून शिंपी आतून नमद्याची पट्टी लावतात. तशी एक राखाडी पट्टी पेटीच्या तळाशी उरली होती. भिंगरीने तिच्यातून बेताची चकती कापली, यंत्राच्या तेलात भिजवली आणि माझ्या पोटात बसवली. जाड दोरा काढून तिने बारीक गुंडाळला. मग दोरा हळूच ओढला. मी गायले, कर्रर्र! भिंगरीने मला पटकन कानाशी धरले. त्या खडूस कारागिरानंतर मला कानाशी धरणारी तीच पहिली.

सकाळी आम्ही नदीवर पोहोचलो तेव्हा पाण्यावरचे धुके अजून उठले नव्हते. पुलाच्या खालच्या अंगाला मोठाले दगड आहेत. तिथे पाणी दगडांवर आपटून दुभंगते आणि मागच्या बाजूला शांत डोह होतो. पलीकडे एक उन्मळलेले झाड पाण्यात आडवे पडले होते. लिफ्टताईने मला काठीला बसवले आणि सवयीने चावी पिळली. मग दोऱ्यावरून बोट फिरवले.

"दोरा बदललास?"

"जुना कडक झाला होता."

"इतका बारीक?"

"आई, मासा पकडायचाय. लिफ्ट नाही."

आई चहा ओतायला वळली की भिंगरी येऊन चावी ढिली करी. भिंगरी गळाला माशांना भुलवायची लाकडी मासोळी बांधायला बसली की आई येऊन घट्ट करी. असे बराच वेळ चालले. दोघींनाही वाटत होते की दुसरीला कळलेले नाही. माझी मात्र चावी डावीउजवीकडे फिरून फिरून गुदगुल्यांनी पुरेवाट झाली.

ऊन वर आले. लिफ्टताई पाण्यात गुडघाभर उभी राहून मासोळी फेकत होती, मी दोरा आत घेत होते, आणि बोलायचे ते कोणीच बोलत नव्हते. आईने पावसापाण्याची चौकशी केली. मग पुलाचा खांब तिरका वाटतो का, असे विचारले. शेवटी भिंगरीनेच तोंड उघडले.

"आई, उद्या सकाळी निघायचंय मला."

"बघू."

"बघू नको. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"नाही म्हटलं तर?"

"तर नाही जाणार. भांडून जाणार नाही मी. तू मनापासून हो म्हटलंस तरच जाईन."

 लिफ्टताईच्या हाताची पकड माझ्या मुठीवर घट्ट झाली, ती मला जाणवली.

"मी वर चढते तेव्हा खाली काय आहे ते मला दिसतं," ती म्हणाली. "तुला तिथे काही दिसणार नाही. गढूळ पाणी, वर कोण आहे ठाऊक नाही, हाक मारली तर ऐकू येणार नाही. मी इथे घरात बसून काय करू? मला भीती वाटते गं. साधी सरळ भीती वाटते."

आईला भीती वाटते हे भिंगरीने जन्मात पहिल्यांदा ऐकले. ती काही तरी बोलणार एवढ्यात काठीला हिसका बसला.

हिसका कसला, कोणी दार ओढावे तशी ती ओढली गेली! काठी कमानीसारखी वाकली. शांत डोहातून एक जाडजूड बास वर उसळला, त्याची तपकिरी सोनेरी पाठ उन्हात चमकली आणि डोके झटकत तो पुन्हा पाण्यात आपटला. मग तो धावला. आणि मित्रांनो, मी गायले! इतक्या वर्षांचे कोंडलेले गाणे होते ते. कर्रर्र, कर्रर्र करत माझ्या अंगावरचा दोरा सरसर बाहेर जाऊ लागला. नवी चकती माझ्या पोटात सुरेख सरकत होती, कुठे अडकणे नाही की झटका नाही.

लिफ्टताईच्या तोंडचे पाणी पळाले. तिच्या सगळ्या आयुष्यात दोर असा सुटणे म्हणजे एकच गोष्ट, लिफ्ट कोसळणे. तिचा हात चावीवर आला.

"आई, चावीला हात लावू नकोस!"

"अगं, सुटला तो!"

"सुटला नाही. गळ त्याच्या तोंडात आहे, दोरा तुझ्या हातात आहे. जाऊ दे त्याला."

"दोरा संपेल!"

"नाही संपत. फिरायला गेलाय तो."

हे शब्द भिंगरीने आईकडूनच कधी तरी ऐकले असावेत, आजोबांच्या गोष्टी सांगताना. पण लिफ्टताईचा हात चावीवर जागच्या जागी थांबला. ती ऐकू लागली. माझा आवाज तिने ओळखला. लहानपणी दगडावर पाय सोडून बसताना ऐकलेला तोच आवाज होता. तिने चावीवरचे एकेक बोट उचलले, जणू ते बोट दुसऱ्या कोणाचे होते. मोकळा हात कुठे ठेवावा हे तिला सुचेना, म्हणून तो तिने शेवटी आपल्या डोक्यावर ठेवला.

बास पलीकडच्या झाडाकडे निघाला. त्या फांद्यांत एकदा शिरला की दोरा अडकून तुटणार, हे तिघांनाही कळत होते. तिसरे मी.

"आता बोट लाव," भिंगरी म्हणाली. "चावीला नाही, कडेला. नुसतं टेकव."

लिफ्टताईने माझ्या फिरत्या कडेवर बोटाचे टोक टेकवले. तिच्या बोटाला घट्टे पडले होते, तरी ते किती हलके लागले म्हणून सांगू! दाबले नाही, सोडले नाही. दोऱ्याला जेमतेम एवढेच सांगितले की मी इथे आहे. धाव मंदावली. झाडापासून हातभर अंतरावर मासा थबकला आणि वळला.

"आता घे," भिंगरी कुजबुजली.

मूठ फिरली. मी दोरा घेतला. मासा पुन्हा धावला, मी दिला. पुन्हा थांबला, पुन्हा घेतला. लिफ्टताई आता हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि दोन्हींचे तिला भान नव्हते. शेवटी तो भांडखोर मासा दमून कुशीवर वळला आणि काठाशी आला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

भिंगरीने त्याच्या खालच्या ओठाला धरून गळ काढला. त्याचे पोट टच्च फुगलेले होते.

"अंडी आहेत गं हिच्या पोटात," लिफ्टताई म्हणाली. "सोडून देऊ."

"अशी टाकू नकोस. दमलीय ती, बुडेल. वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरून ठेव."

"किती वेळ?"

"ती स्वतः ओढ घेईपर्यंत."

लिफ्टताई पाण्यात गुडघे टेकून बसली. मासळी तिच्या दोन तळव्यांत कल्ले हलवत पडून होती. थोड्या वेळाने शेपटी हलली, मग जोराने हलली, आणि लिफ्टताईने हात उघडले. मासळी गेली तशी पाण्यात एक वलय उठले आणि विरले. तळवे मात्र बराच वेळ तसेच उघडे राहिले.

मग लिफ्टताई दगडावर येऊन बसली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मला खोलले. खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन मासे पकडायला जाणारी जगात तीच एक असेल. आत राखाडी चकती दिसली. तिने ती नाकाशी नेली.

"बाबांच्या कॉलरीचा नमदा," ती म्हणाली. "आणि माझी चकती कुठेय?"

"तुझ्या पेटीत टाकली. लिफ्टचं लिफ्टला."

लिफ्टताईने चकतीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडेच बघत तिने विचारले, "तू तिथे खाली गेलीस की दोरी कोणाच्या हातात असते?"

भिंगरी सरसावून बसली. या प्रश्नाची ती किती दिवस वाट बघत होती!

"वर एक माणूस असतो. त्याचं तेच काम. मी पुढे चालले की तो दोरी देतो, मी थांबले की सैल झालेली आत घेतो. पहिल्या दिवशी मला वर उभं केलं होतं, दुसऱ्या एका मुलीची दोरी माझ्या हातात. मी अशी आवळून धरली की तिला पाऊल टाकता येईना. मास्तर ओरडले, अगं, ती कामाला गेलीय, पळून नाही चालली! तेव्हा मला कळलं, हे आवळून धरणं मी कुठे शिकले ते."

लिफ्टताईला हसू आवरेना. "आणि तो वरचा माणूस डुलक्या काढायला लागला तर?"

"म्हणून शेजारी आणखी एक असतो."

"दोघं एकदम डुलक्या काढायला लागले तर?"

"आई!"

"विचारलेलं बरं. लिफ्टलासुद्धा एका दोराने भागतं, तरी आम्ही जास्तीचे लावतोच." तिने चकती पुन्हा माझ्या पोटात ठेवली आणि चावी बसवली. बेताची. "जा," ती म्हणाली. "भीती आहेच, ती काही आज जायची नाही. पण मनापासून सांगते, जा. मी सुट्टी टाकून येईन तिथे. तो दोरीवाला कोण ते मला बघायचंय."

"स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून ये म्हणजे झालं."

भिंगरीने आईच्या गळ्यात मिठी घातली. ती इतकी घट्ट होती की लिफ्टताईच म्हणाली, "अगं सोड, जीव घेशील!"

संध्याकाळी घरी आल्यावर लिफ्टताईने मला पुसले, कोरडे केले आणि डब्यात ठेवले. झाकण लावणार तोच थांबली. तिने मला पुन्हा बाहेर काढले आणि चावी उलटी फिरवून पूर्ण ढिली केली. मग झाकण नुसते टेकवले, दाबले नाही. त्या फटीतून मला दुसऱ्या दिवसाची सकाळ ऐकू आली.

पिशव्या उचलल्या गेल्या. "रीळ नेतेस का?" आईने विचारले. "राहू दे तुझ्याकडे. तिथे माझी दोरी आहेच," भिंगरी म्हणाली. दार उघडले. लिफ्टची जाळी सरकली, बंद झाली, आणि लिफ्ट भिंगरीला घेऊन खाली निघाली. एरवी लिफ्टताईला त्या आवाजात शंभर खोड्या सापडत. त्या सकाळी ती नुसती दारात उभी राहून ऐकत होती. वरून दोर एकसारखा सुटत होता, ब्रेक शाबूत होता, आणि लिफ्ट तळमजल्यावर अलगद टेकली. खालून हाक आली, "आई, पोहोचले गं!" दार मात्र त्यानंतर बराच वेळ उघडेच राहिले.

आता मी दर सुट्टीला नदीवर जाते. लिफ्टताई दगडावर बसून लेकीला फोन लावते, फोन माझ्यापाशी धरते आणि दोरा हाताने ओढते. "ऐकू आलं?" ती विचारते. लांबून उत्तर येते, "आलं, आई."

मित्रांनो, तुमच्या घरी कुठल्या डब्यात माझा एखादा भाऊबंद पडून असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, तेलाचे दोन थेंब पाजा आणि कानाशी धरून त्याचे म्हणणे ऐका. आणि काम झाल्यावर ठेवताना त्याची चावी तेवढी ढिली करा. घट्ट पिळून ठेवलेल्या रिळाची चकती आतल्या आत चपटी होते, आणि नेमकी गरज पडते तेव्हा ते नीट देत नाही आणि नीट धरतही नाही. माझे तसे व्हायचे नाही. माझी चावी आज ढिली आहे, चकती फुललेली आहे, आणि येत्या सुट्टीला नदीतला सगळ्यात मोठा बास जरी आला, तरी त्याला हवे तेवढे फिरवून आणायची माझी तयारी आहे.